म्युझियमच्या भिंतीवर लोणचं

फॉर्मच्या अकराव्या रकान्यात कलाकाराची सही हवी होती आणि कलाकार चार महिन्यांपूर्वी वारला होता. दीप्तीने ही अडचण समितीच्या कार्यालयातल्या हर्षा मॅडमना सांगितली. मॅडमनी फॉर्म उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला मेलेल्यांसाठी वेगळी सोय असावी. तशी सोय नव्हती. मग त्यांनी जरा विचार करून सांगितलं, की सही नसेल तर अंगठा चालेल.

दीप्ती ग्रंथपाल होती. बावीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढल्यामुळे मूर्खपणाचे बहुतेक प्रकार तिने छापील स्वरूपात पाहिले होते. पण छापील मूर्खपणा पुस्तक मिटलं की गप्प बसतो. हा टेबलापलीकडे बसून चहात टोस्ट बुडवत होता आणि 'उद्या या' म्हणत होता.

झालं होतं ते असं. शहरात 'प्रकाशपर्व' नावाचा एक उत्सव भरणार होता. तीन संध्याकाळी, जुन्या म्युझियमच्या दर्शनी भिंतीवर, मोठ्या प्रोजेक्टरने व्हिडिओ दाखवायचे. काही बाहेरच्या नामवंत कलाकारांचे, काही शहरातल्या नागरिकांचे. नागरिकांना प्रत्येकी तीन मिनिटं. आणि त्याच म्युझियममध्ये दीप्तीच्या वडिलांनी, धोंडबा लोणारे यांनी, चौतीस वर्षं पेंटर म्हणून नोकरी केली होती. पेंटर म्हणजे भिंती रंगवणारे नव्हेत. पेंढा भरलेल्या वाघाखाली, दगडी मूर्तीखाली, गंजलेल्या तलवारीखाली जी पाटी असते, ती ते ब्रशने लिहीत. वस्तूचं नाव, काळ, प्राप्तिस्थान, अवस्था. अख्ख्या इमारतीत त्यांचं अक्षर होतं आणि कुठेही त्यांचं नाव नव्हतं. ते निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि त्यांच्या पाट्या एका दुपारी भंगारात गेल्या.

धोंडबांनी त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. त्यांनी फक्त घरातल्या वस्तूंना पाट्या लावायला सुरुवात केली. 'हळद. काळ: मार्च. प्राप्तिस्थान: उमरेड. अवस्था: उत्तम.' 'लिंबाचं लोणचं. काळ: गेला हिवाळा. अवस्था: मुरत आहे.' जिन्याखालच्या विजेच्या मीटरवर त्यांनी लिहिलं होतं, 'काळ: अज्ञात. अवस्था: संशयास्पद.' घरात येणारा प्रत्येक पाहुणा आधी पाच मिनिटं स्वयंपाकघर वाचत असे.

ते गेल्यावर दीप्ती आपला मनीषनगरचा फ्लॅट बंद करून आईजवळ राहायला आली. एका रात्री तिने त्यातल्या दहा पाट्या मोबाइलवर चित्रित केल्या. एकामागून एक, आवाज नाही, नाव नाही, फोटो नाही. तिला एवढंच हवं होतं, की ज्या इमारतीतून ते अक्षर झाडून काढलं, त्याच इमारतीवर ते तीन मिनिटं चाळीस फूट उंच दिसावं. बस. तिने कुणासमोर रडून दाखवलं नव्हतं आणि दाखवणारही नव्हती. ही तीन मिनिटं त्याऐवजी होती.

उत्सवाचा संयोजक अनिश नावाचा पुण्याचा तरुण होता. दाढी काळजीपूर्वक विस्कटलेली. त्याने व्हिडिओ पाहिला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, “मॅम, हे लोणचं फार पोलिटिकल आहे.”

दीप्तीने लोणच्याची बाजू घेतली नाही. निवड झाली होती. ज्याला काही कळत नाही त्याला आवडलं तर ती तक्रार करायची गोष्ट नसते, हे तिला वाचनातून माहीत होतं.

अकराव्या रकान्यावर शेवटी प्रतिज्ञापत्राचा तोडगा निघाला. कोर्टासमोरच्या झाडाखाली बसणाऱ्या नोटरीने आयुष्यात घरं, शेतं आणि घटस्फोट यांची प्रतिज्ञापत्रं केली होती. बरणीवरच्या अक्षराचं पहिलंच. त्यामुळे त्याने जवळचा मसुदा घेतला आणि त्यात वस्तू बदलल्या. 'सदर लोणच्यावर अन्य कोणाही वारसाचा हक्क, हितसंबंध वा वहिवाट नाही,' असं वाक्य दीप्तीला खोडायला लावावं लागलं. मात्र त्याखालचं वाक्य तिनेच सांगून लिहवून घेतलं होतं: 'यातील प्रत्येक अक्षर कालकथित धोंडबा लोणारे यांनी स्वहस्ते लिहिलेले असून ते मी खात्रीपूर्वक ओळखते.' त्यावर तिने शपथेवर सही केली. तिला ते वाक्य आवडलं. अख्ख्या कागदावर अर्थ असलेलं तेवढं एकच होतं.

आता शेजाऱ्यांकडे वळायला हवं. खरं तर ते आधीच येऊन बसले होते.

शेजारचे रुपराव काका एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. सत्तावीस वर्षं त्यांनी बसस्थानकावर भोंग्यातून घोषणा केल्या होत्या. त्यामुळे ते समोरच्या एका माणसाशी बोलले तरी बाराव्या फलाटापर्यंत ऐकू जाई. त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दोनदा पाहिला आणि मोबाइल उलटून मागेही काही आहे का ते पाहिलं.

“बेटा, याच्यात धोंडबाचा फोटो कुठी हाय?”

“फोटो नाही काका. फक्त अक्षर.”

“मंग लोकाईले समजन कसं, का कोन माणूस गेला?”

दीप्तीने त्यांना शांतपणे समजावलं, की कला ही सूचना नसते, आणि अनुपस्थिती हीच इथे उपस्थिती आहे. रुपराव काकांनी मान डोलावली. वेळापत्रकात नसलेली बस कुणी विचारली, की ते अशीच मान डोलावत असत.

आतून सिंधूताई, दीप्तीची आई, एवढंच म्हणाली, “करू द्या तिले. शिकली हाय.” तिला व्हिडिओ दाखवायला दीप्तीने मोबाइल पुढे केला होता, पण चष्मा सापडत नाही म्हणून तिने तो परत केला. 'भिंतीवरच पाहीन,' म्हणाली.

इथे कॉलनीची एक रीत सांगायला हवी. कॉलनीत माणूस गेला, की चोवीस तासांच्या आत कोपऱ्यावर फ्लेक्स लागतो. वर गेलेल्या माणसाचा मोठा फोटो, खाली 'शोकाकुल' या शब्दाखाली शेजाऱ्यापाजाऱ्यांचे पासपोर्ट साइझ फोटो, नावांसकट. कधी कधी दुःखी लोक इतके असतात, की गेलेला माणूस कोणता हे शोधावं लागतं. धोंडबा गेले तेव्हा दीप्तीने फ्लेक्स लावू दिला नव्हता. तिला ते ओंगळ वाटे. घरात बौद्ध रीतीने पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी आले, सगळं नीट झालं. पण कोपरा रिकामा राहिला आणि चार महिने कॉलनी त्या रिकाम्या कोपऱ्याकडे चोरासारखी बघत होती. दीप्तीला हे दिसलं नव्हतं. तिची नजर नेहमी जरा वरच्या बाजूला असे.

पुढची अडचण तांत्रिक. समितीला फाइल प्रोजेक्टरच्या मापाची हवी होती आणि ते माप फक्त समितीलाच कळत होतं. रुपराव काका म्हणाले, आपला प्रीतम आहे ना. प्रीतम म्हणजे मानेवाडा रोडवर लग्नाचे व्हिडिओ करणारा पन्नाशीचा गृहस्थ. त्याच्या दुकानात एकाच वेळी तीन पडद्यांवर तीन नवऱ्या निरोप घेत होत्या. त्याने दहा पाट्या पाहिल्या.

“मॅडम, तीन मिनिटं नुसत्या बरण्या? पब्लिक उठून जाईन ना. पाकळ्या टाकू थोड्या?”

दीप्तीने त्याला मौनाचं सौंदर्य या विषयावर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. नवरीच्या मावश्यांच्या सूचना तो ज्या मुद्रेने ऐकतो, त्याच मुद्रेने त्याने ते ऐकलं आणि 'बरोबर आहे मॅडम' म्हणाला. दीप्ती समाधानाने बाहेर पडली. तिला दुसऱ्या दिवशी विषयसंबंधाचा दाखला आणायचा होता. लोणच्याचा म्युझियमशी संबंध काय, हे समितीच्या मागच्या बैठकीत कुणीतरी विचारलं होतं आणि उत्तर लेखी हवं होतं. म्हणून तयार झालेला पेनड्राइव्ह समितीकडे पोहोचवायचं काम रुपराव काकांनी आपणहून अंगावर घेतलं. 'तू निर्धास्त राह्य बेटा,' ते म्हणाले. दीप्ती राहिली. या गोष्टीत तिने केलेली ही एकमेव अशिक्षित चूक, असं ती तेव्हा मानत होती.

पहिल्या दिवशी संध्याकाळी कॉलनीतून एक मिनीबस आणि तीन ऑटो निघाले. रुपराव काकांनी सकाळीच गेटपाशी घोषणा केली होती, गाडी सव्वासहाला सुटेल, प्रवाशांनी आपापल्या खुर्च्या सोबत घ्याव्यात. बावन्न माणसं. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, पुरुषांचे भांग ओले. दीप्तीला जरा भरून आलं, की कलेसाठी एवढी माणसं येतात. त्यांच्या उत्साहाचं कारण तिने विचारायला हवं होतं.

म्युझियमसमोरचा एक दिवा चालूच होता. तो बंद करण्याचा ठराव वीज उपसमितीने केला होता, पण ज्याच्याकडे किल्ली होती तो सदस्य सकाळीच रामटेकला गेला होता. त्यामुळे भिंतीचा डावा कोपरा पिवळा होता आणि तिथे जे काही येई त्याला कावीळ होई. आधी बाहेरच्या एका नामवंत कलाकाराचा व्हिडिओ झाला. त्यात तो स्वतः तीन मिनिटं नळाखाली तोंड धूत होता. कॉलनीने एक मिनिट सहन केलं. मग मागच्या रांगेतून प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या, “नळ बंद कर म्हणा त्याले. आमच्याइथं एकाआड एक दिवस पाणी येते.” कलेवर त्या संध्याकाळी झालेलं हे सगळ्यात नेमकं भाष्य होतं, हे दीप्तीने मनातल्या मनात मान्य केलं.

मग त्यांची पाळी आली.

आधी बासरी वाजली. दीप्तीच्या व्हिडिओला आवाज नव्हता, तेव्हा ही दुसऱ्या कुणाची असणार असं तिला वाटलं. मग भिंतीवर तिचे वडील उगवले. नोकरीच्या ओळखपत्रावरचा फोटो, चाळीस फूट. कपाळावर खिडकीचे गज, गळ्यात फिरता हार. वरून पाकळ्या पडत होत्या, नुसत्या पडत नव्हत्या तर मध्येच थांबून कमळं होत होत्या. प्रीतमच्या तयार साच्यात घाट आणि घंटा होत्या. त्या काढून कमळं घालायला रुपराव काकांनीच सांगितलं होतं. 'स्वर्गवासी' खोडून 'कालकथित' करायलाही त्यांनीच लावलं होतं. सगळं फार विचारपूर्वक झालं होतं. आणि मग आलं 'शोकाकुल'.

शेहेचाळीस नावं. शेहेचाळीस फोटो. एकेक जण गरगर फिरत दुरून यायचा, भिंतीवर आपटून मोठा व्हायचा आणि हात जोडल्यासारखा थरथरून बाजूला व्हायचा. प्रत्येक नावाला टाळ्या. स्वतःचं तोंड आलं की माणूस खुर्चीवरून उठून उभा राही आणि त्याचा मुलगा त्याचा, त्याच्या भिंतीवरच्या तोंडासह, फोटो काढी. गणपतराव नावाच्या गृहस्थांचा चेहरा नेमका पावसाच्या पाइपवर आला आणि त्यांना मधोमध चीर गेली. तेव्हा त्यांनी तिथेच विचारलं, की यादीत मी सातवा असताना मला पाइप कसा. तुळसाबाईंचा फोटो कावीळ झालेल्या कोपऱ्यात गेला. त्या पदर तोंडाला लावून बसल्या आणि लोकांना ते धोंडबांसाठी वाटलं.

शेवटची नऊ सेकंदं एक बरणी दिसली. तिच्यावरही पाकळ्या पडत होत्या. मग 'संकलन: प्रीतम. लग्न, वाढदिवस, निरोप समारंभ.' टाळ्या, शिट्ट्या.

दीप्ती बसून राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, की लोकांना वाटलं पोरगी आज मोकळी होणार. बायका येऊन तिच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. 'आता बरं वाटलं वं. चार महिने कसंतरीच वाटे.' ती प्रत्येकीला 'हो' म्हणत होती. ज्यांना एका वाक्यात भाजून काढायला हवं होतं, त्यांना ती 'हो' म्हणत होती. अनिश धावत आला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ही सामूहिक निर्मिती आहे, असं काही त्याने पाहिलंच नव्हतं, उद्याही हेच लावू, असं तो एका दमात म्हणाला. दीप्तीने त्याला सांगितलं, की हे पुन्हा लावलं तर ती प्रोजेक्टरसमोर उभी राहील.

दुसरा दिवस फाइल बदलण्यात गेला. फाइल बदलायला नवा फॉर्म लागत होता आणि नव्या फॉर्ममध्ये अकरावा रकाना होता. कार्यालयाच्या बाकावर ती दुपारभर बसली. दुपारी रुपराव काका आले आणि शेजारी बसले. आज त्यांचा आवाज एका फलाटापुरताही नव्हता.

“चुकलं असंन तर माफ कर बेटा,” ते म्हणाले. “पण तुह्या बाबानं आमच्या अख्ख्या कॉलनीच्या दारावरच्या पाट्या फुकटात लिहून देल्या. अन् तो गेला तं आमाले त्याच्या नावाचा एक बोर्ड लावू देला नाही तू. काहून?”

दीप्तीकडे या प्रश्नाची निदान चार उत्तरं होती, सगळी चांगल्या पुस्तकांतली. ती बाजूला ठेवून तिने विचारलं, की मापात बसवलेली मूळ फाइल प्रीतमकडे असेल का. प्रीतमने ती जपून ठेवली होती. 'मॅडम येईनच वापस,' असं तो म्हणाला होता म्हणे. मग रुपराव काका उठले, दारात उभे राहिले आणि जुन्या आवाजात विचारलं, की सदर अर्जाचं काम कोणत्या टेबलावर, किती वाजेपर्यंत होणार, याची माहिती प्रवाशांना मिळावी. काम बारा मिनिटांत झालं.

तिसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटची वेळ मिळाली. तोवर मैदान रिकामं झालं होतं. कॉलनीतलं बाकी कुणी आलं नव्हतं. त्यांचं झालं होतं. खुर्च्या गोळा करणारी माणसं होती, दोन रांगा मागे संकोचून बसलेले रुपराव काका होते, आणि पहिल्या रांगेत दीप्ती आणि सिंधूताई. किल्लीवाला सदस्य रामटेकहून परतल्यामुळे दिवा बंद होता. अंधार चांगला पडला होता.

आणि भिंतीवर अक्षर आलं. नुसतं. 'हळद.' पांढरं, खिडक्यांवरून, कमानींवरून, दगडाच्या सांध्यांवरून सलग गेलेलं. इतके दिवस ज्यांना ती मनात मूर्ख म्हणत होती ते सगळे त्या क्षणी खरोखरच मूर्ख ठरले. तिला हवं होतं ते हेच होतं, आणि ते तिला वाटलं होतं तितकंच सुंदर होतं. तिने आईच्या कानाशी हलक्या आवाजात समजावून सांगायला सुरुवात केली. बघ, बाबांची वरची रेघ. अक्षरं आधी पूर्ण करतात आणि रेघ शेवटी, एका दमात, ब्रश न उचलता. हे कुणालाही साधत नाही. हा 'ळ' बघ. असा 'ळ' दुसरा माणूस काढूच शकत नाही.

सिंधूताईंनी आज चष्मा आणला होता. त्यांनी तो लावला, भिंतीकडे बराच वेळ पाहिलं.

“हे मी लिहिलं होय,” त्या म्हणाल्या.

दीप्तीला वाटलं, आई थकली आहे.

“लोणचं बी माह्यंच. मीटरचं बी. तीन वर्सांपासून त्याचा हात थरथरे. तो सांगे अन् मी लिहून देत होती. तुले सांगू नको म्हने, तिले वाईट वाटन.”

भिंतीवर तिसरी पाटी गेली, चौथी आली. दीप्ती प्रत्येकीला आईकडे बघे आणि आई प्रत्येकीला हलकेच मान हलवी. हेही. हेही.

“मग बाबांच्या कोणत्या?” दीप्तीने विचारलं.

“वाकड्या होत्या त्या. डाळीच्या डब्यावरच्या. त्याचा हट्ट राहे, एखादी तरी मीच लिहीन म्हने. तू घेतल्या नाही त्या.”

नव्हत्याच घेतल्या. घरात पाट्या एकोणीस होत्या. त्यातल्या नऊ दीप्तीने बाजूला काढल्या होत्या. रेघ लचकलेली, अक्षरं एकमेकांवर कललेली. आईने हौसेने लिहिल्या असतील, असं तिने ठरवलं होतं आणि थोडंसं, अगदी थोडंसंच, हसलीही होती. उरलेल्या दहांबद्दल तिने नोटरीसमोर शपथ घेतली होती, की प्रत्येक अक्षर मी खात्रीपूर्वक ओळखते.

सातवी पाटी. आठवी. म्युझियमच्या भिंतीवर सिंधूताई लोणारे, सातवी पास, चाळीस फूट उंचीने हिंगाची अवस्था सांगत होत्या. त्या खुर्चीत किंचित पुढे सरकल्या होत्या. ओठ हलत होते. त्या वाचत होत्या.

“शिकलीस कुठे तू?” दीप्ती म्हणाली.

“शिकाले काय जाते. चवतीस वर्सं पाहूनच राहिली होती ना.” मग भिंतीकडे बोट करून, “हिंगाचा 'ह' बरा आला. नाही?”

“चांगला आला,” दीप्ती म्हणाली.

दहावी पाटी गेली. भिंत काळी झाली, मग नुसतीच भिंत झाली. मागे रुपराव काकांनी टाळी वाजवावी की नाही याचा अंदाज घेत एकदाच वाजवली. प्रोजेक्टरवाला वायर गुंडाळायला वाकला. सिंधूताई उठल्या नाहीत. चष्मा त्यांनी अजून काढला नव्हता.

“आणखीन एकडाव नाही लावत का वं ते?” त्यांनी विचारलं, दीप्तीकडे न बघता.

दोन दिवसांपूर्वी आपलं तोंड भिंतीवर दिसावं म्हणून खुर्चीवरून उठणारी माणसं दीप्तीने पाहिली होती आणि त्यांच्याविषयी तिचं मत ठाम होतं. ती उठली. ओढणी सावरली. कानाला मोबाइल लावून फिरणाऱ्या अनिशच्या वाटेत जाऊन उभी राहिली आणि, आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी, हात जोडून म्हणाली, की एकदा, फक्त एकदा, परत लावा. त्यासाठी फॉर्म लागतो म्हणाला असता, तर तिने तोही तिथेच, मांडीवर ठेवून, भरला असता.